वाचकांचे प्रश्न : ऑब्जेक्टमधील फील्डची जागा कोण ठरवते?

मागील अंकात जावामधील मेमरी-व्यवस्थापनाविषयी लेख प्रसिद्ध झाल्यानंतर बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागांतून आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच विषयाकडे होता : आपण क्लासमध्ये, म्हणजे ऑब्जेक्टच्या साच्यात, लिहिलेली फील्ड (माहितीचे कप्पे) प्रत्यक्ष मेमरीत कोठे आणि कशी बसतात? त्यातील निवडक प्रश्न थोडे संक्षिप्त करून येथे घेतले आहेत. उत्तरांतील आकडे ६४ बिट यंत्रावर चालणाऱ्या हॉटस्पॉट या व्हर्च्युअल मशीनचे, म्हणजे जावा प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे, आहेत. ओपनजेडीके हा जावाचा मुक्त स्रोत संच घेतला की आपल्याला मिळते ते हेच मशीन. निराळा उल्लेख नसेल तेथे नेहमीच्या सेटिंग गृहीत धरल्या आहेत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गटाने साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरील नोंदींसाठी जावामध्ये प्रकल्प केला आहे. प्रत्येक नोंदीत पावती दिली की नाही (बूलियन), काट्यावरची वेळ (लाँग), गट क्रमांक (बाइट), उसाचे वजन (इंट) आणि शेतकऱ्याचे नाव (स्ट्रिंग) अशी पाच फील्ड याच क्रमाने आहेत. सी भाषेत स्ट्रक्चरमधील सदस्यांचा क्रम बदलला की आकार बदलतो, हे आम्ही प्रयोगशाळेत पाहिले होते. म्हणून जावातही मोठी फील्ड वर आणि लहान खाली अशी फिरवाफिरव करून पाहिली. परंतु ऑब्जेक्ट आधीही ३२ बाइटांचा होता आणि नंतरही ३२ बाइटांचाच राहिला. आमचे मोजमाप चुकले का?
— एक विद्यार्थिनी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : मोजमाप बरोबर आहे, गृहीतक तेवढे सीमधून आलेले आहे. सी भाषेच्या मानकाप्रमाणे स्ट्रक्चरचे सदस्य ज्या क्रमाने लिहिले त्याच चढत्या क्रमाने मेमरीत असावे लागतात. कंपायलरला मध्ये रिकामे बाइट सोडण्याची मुभा आहे, क्रम बदलण्याची नाही. आपली हीच नोंद सीमध्ये लिहिली तर पावतीच्या एका बाइटानंतर सात बाइट वाया जातात, कारण आठ बाइटांची वेळ आठने भाग जाणाऱ्या पत्त्यावरच बसवली जाते. पुढे गट क्रमांकानंतर आणखी तीन बाइट जातात, आणि नावाचा आठ बाइटांचा पॉइंटर (नाव जेथे आहे तो पत्ता) धरून आकार ३२ होतो. तीच फील्ड मोठ्याकडून लहानाकडे लिहिली तर स्ट्रक्चर २४ बाइटांत मावते. म्हणजे तेथे क्रम हे प्रोग्रामरचे हत्यार आहे.

जावाने ते हत्यार प्रोग्रामरच्या हाती दिलेलेच नाही. ऑब्जेक्टची अंतर्गत रचना अमुकच असावी असे कोणतेही बंधन जावा व्हर्च्युअल मशीनचा विनिर्देश घालत नाही. त्यामुळे फील्ड कोठे ठेवायची हे प्रत्येक मशीन क्लास लोड करताना स्वतः ठरवते, आणि आपण फाइलमध्ये लिहिलेला क्रम पाळण्यास ते बांधलेले नसते. रविवार पेठेत ट्रक भरणारे हमाल जसे आधी मोठी खोकी लावून घेतात आणि उरलेल्या फटींत बोचकी सारतात, त्याच धोरणाने हॉटस्पॉट आठ बाइटांची फील्ड आधी घेते, मग चारांची, मग दोनांची, मग एकाची, आणि इतर ऑब्जेक्टकडे बोट दाखवणारे रेफरन्स शेवटी एकत्र ठेवते. आपण हाताने केलेली फिरवाफिरव मशीन आधीच करत होते, म्हणून आकडा हलला नाही.

आता आपली नोंद बाइटाबाइटाने पाहू. पहिले बारा बाइट फील्डचे नसतातच; ते हेडरचे असतात. त्यातील आठ बाइटांना मार्क वर्ड म्हणतात. ऑब्जेक्टचा हॅशकोड, त्यावरील कुलुपाची स्थिती आणि गार्बेज कलेक्शनच्या (वापरात नसलेले ऑब्जेक्ट काढून जागा मोकळी करण्याच्या) किती फेऱ्यांतून तो तरला आहे याची मोजदाद त्यात राहते. उरलेले चार बाइट हा ऑब्जेक्ट कोणत्या क्लासचा आहे हे सांगतात. हेडर १२ वर संपते, परंतु लाँग १२ वर बसू शकत नाही. त्याला १६ हवा. म्हणून १२ ते १५ अशी चार बाइटांची फट पडते, आणि ती रिकामी न ठेवता मशीन तेथे आपले वजन, म्हणजे इंट, बसवते. १६ ते २३ वर वेळ येते. २४ आणि २५ वर पावती आणि गट क्रमांक हे एकेक बाइट, त्यानंतर दोन बाइट रिकामे, आणि २८ ते ३१ वर नावाचा चार बाइटांचा रेफरन्स. बेरीज ३२, आणि ३२ ला आठने भाग जातो, त्यामुळे शेवटी आणखी भर घालावी लागत नाही.

आठने भाग जाण्याचा हा आग्रह केवळ टापटिपीसाठी नाही. प्रत्येक ऑब्जेक्ट आठच्या पटीतील पत्त्यावर सुरू होत असेल, तर त्या पत्त्याचे शेवटचे तीन बिट नेहमी शून्य असतात, आणि जे नेहमी शून्यच आहे ते साठवण्याचे कारण नाही. पत्ता तीन बिट सरकवून लिहिला की बत्तीस बिटांत ३२ गिगाबाइटपर्यंतच्या हीपमधील (ऑब्जेक्ट ठेवण्याच्या मेमरीतील) कोणताही ऑब्जेक्ट दाखवता येतो. म्हणूनच ६४ बिट यंत्रावरही आपला रेफरन्स आठऐवजी चार बाइटांचा आहे. हीप ३२ गिगाबाइटांवर नेली की ही सवलत संपते, रेफरन्स आठ बाइटांचे होतात आणि आपली हीच नोंद ४० बाइटांची होते. सर्व्हरवर मेमरी आहे म्हणून हीप ३१ वरून ३४ गिगाबाइट करणाऱ्यांना पूर्वीपेक्षा कमी ऑब्जेक्ट मावतात असा अनुभव येतो, त्याचे कारण हेच.

रेफरन्स एकत्र ठेवण्यामागे गार्बेज कलेक्टरची सोय आहे. ऑब्जेक्टमधील कोणते बाइट म्हणजे रेफरन्स आणि कोणते म्हणजे साध्या संख्या, हे कलेक्टरला माहीत असावे लागते. त्यासाठी प्रत्येक क्लाससोबत ‘अमुक ठिकाणापासून इतके रेफरन्स’ अशा नोंदींचा तक्ता ठेवलेला असतो. रेफरन्स सलग असले तर एका नोंदीत काम होते. विखुरलेले असले तर तक्ता लांबतो आणि कलेक्टरला प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये तितक्या वेळा थांबावे लागते.

मग जागा वाचवायची कशी? आकार आठाआठाच्या पायरीने चढतो आणि उतरतो, हे आधी मनात पक्के करावे. आपल्या पाच फील्डांची निव्वळ बेरीज १८ बाइट आहे. हेडर धरून ३०. म्हणजे आणखी एखादे बूलियन आणि एखादे बाइट फील्ड घातले तरी आकार ३२ च राहील. ती दोन्ही त्या रिकाम्या दोन बाइटांत जातील. उलट, पावती आणि गट क्रमांक काढून टाकले तरी बेरीज २८ होते आणि पायरी पुन्हा ३२ चीच. वेळ लाँगऐवजी हंगामाच्या पहिल्या दिवसापासूनचे सेकंद म्हणून इंटमध्ये ठेवली तर बेरीज २६, म्हणजे अजूनही ३२. हे दोन्ही बदल एकत्र केले, म्हणजे वेळ इंटमध्ये आणली आणि पावती व गट क्रमांक वजनाच्याच इंटमधील न वापरलेल्या बिटांत बसवले, तरच फील्डचे १२ आणि हेडरचे १२ मिळून २४ बाइटांची पायरी गाठता येते. आठ बाइट वाचले खरे, परंतु वजन वाचताना दर वेळी बिट वेगळे करण्याचा व्याप मागे लागला. माझ्या मते काट्यावरच्या नोंदींसाठी हा सौदा करू नये.

त्याहून मोठी जागा आपल्या नोंदीत दुसरीकडेच आहे, आणि तिच्याकडे पत्रात लक्ष गेलेले नाही. नावाचा रेफरन्स चार बाइटांचा असला तरी तो ज्या स्ट्रिंगकडे बोट दाखवतो ती मराठी नावासाठी सहज ६० बाइटांच्या घरात जाते. तिचा हिशेब खाली चिकोडीच्या प्रश्नात दिला आहे. एकाच शेतकऱ्याच्या हंगामात अनेक खेपा येतात आणि डेटाबेसमधून वाचताना प्रत्येक खेपेला त्याच नावाची नवी स्ट्रिंग तयार होत असेल, तर नोंदीपेक्षा नावच जास्त जागा खाते. शेतकऱ्यांची एक यादी मेमरीत ठेवून सर्व नोंदींचे रेफरन्स तिच्यातील एकाच ऑब्जेक्टकडे वळवले, तर फील्डच्या आकारात कसलीही ओढाताण न करता प्रत्येक नोंदीमागचा खर्च निम्म्याखाली येतो.

प्रश्न : आमच्या जुन्या प्रणालीत तीन पातळ्यांचा वारसा आहे. मूळ क्लासमध्ये एक बूलियन, त्याच्या उपक्लासमध्ये एक आणि त्याच्याही उपक्लासमध्ये एक, अशी तीनच फील्ड आहेत. जावा ८ वर हा ऑब्जेक्ट २४ बाइटांचा दिसत होता. जावा १७ वर गेल्यावर तोच १६ बाइटांचा दिसतो. कोडची एक ओळही बदललेली नाही.
— एक सॉफ्टवेअर अभियंता, निपाणी

उत्तर : बदल आपल्या कोडमध्ये नसून फील्ड मांडणाऱ्या भागात झाला आहे. वारशाच्या बाबतीत एक नियम जुन्या आणि नव्या दोन्ही हॉटस्पॉटमध्ये अबाधित आहे : मूळ क्लासच्या फील्डची जागा उपक्लासमध्ये, म्हणजे ती फील्ड वारशाने घेऊन त्यात भर घालणाऱ्या क्लासमध्ये, बदलत नाही. मूळ क्लाससाठी लिहिलेली मेथड तिच्या हाती उपक्लासचा ऑब्जेक्ट आला तरी तेच फील्ड त्याच अंतरावर शोधणार असते, म्हणून हा नियम सोडता येत नाही. प्रश्न राहतो तो मूळ क्लासच्या मांडणीत राहिलेल्या फटींचा.

जावा १४ पर्यंतची पद्धत अशी होती की उपक्लासची फील्ड मूळ क्लासच्या शेवटानंतरच सुरू व्हायची, आणि तो शेवट रेफरन्सच्या आकारापर्यंत, म्हणजे चारच्या पटीपर्यंत, वर ओढला जायचा. त्यामुळे आपले पहिले बूलियन १२ वर, दुसरे थेट १६ वर आणि तिसरे २० वर बसत होते; त्यानंतर एकूण आकार २४ ला पोचत होता. तीन बाइटांच्या माहितीसाठी बारा बाइट! जावा १५ मध्ये, म्हणजे २०२० साली, ही मांडणी करणारा भाग नव्याने लिहिला गेला आणि वरच्या क्लासने सोडलेल्या फटी उपक्लासला वापरता येऊ लागल्या. आता तीन बूलियन १२, १३ आणि १४ वर शेजारीशेजारी बसतात आणि ऑब्जेक्ट १६ बाइटांत संपतो.

हीच गोष्ट हेडरनंतरच्या फटीलाही लागू आहे. मूळ क्लासमध्ये केवळ एक लाँग असेल तर तो १६ वर बसतो आणि १२ ते १५ मोकळे राहतात. उपक्लासने एक इंट आणला तर जुने मशीन त्याला २४ वर ठेवून ऑब्जेक्ट ३२ बाइटांचा करत असे, तर नवे मशीन त्याला त्या मोकळ्या जागेत ठेवून २४ बाइटांत काम संपवते. जुन्या काळी काही ग्रंथालयांनी (तयार कोडच्या संचांनी) वेगवेगळ्या थ्रेडची, म्हणजे प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांची, फील्ड एकमेकांपासून दूर राहावीत म्हणून वारशाच्या पातळ्यांमध्ये निरुपयोगी लाँग फील्ड भरून अंतर राखले होते. आपल्या प्रणालीत असे काही असेल तर नव्या मशीनवर ते अंतर खरोखर राहिले आहे की नाही, हे एकदा तपासून घ्यावे.

प्रश्न : फील्ड कोठे बसणार हे मशीन प्रोग्राम चालवताना ठरवत असेल, तर प्रत्येक वेळी नावावरून फील्ड शोधण्यात वेळ जात नाही का? विद्यार्थ्यांना हे कसे समजावून सांगावे?
— एक हायस्कूल शिक्षक, खानापूर

उत्तर : नावावरून शोध होतो, पण साधारणपणे एकदाच. जावाचा कंपायलर जी क्लास फाइल तयार करतो तिच्यात फील्डचे अंतर कोठेही लिहिलेले नसते. फील्ड वाचण्याच्या सूचनेसोबत फक्त एक अनुक्रमांक असतो, आणि तो त्या फाइलमधील अशा नोंदीकडे नेतो जिथे ‘अमुक क्लासमधील, अमुक नावाचे, अमुक प्रकारचे फील्ड’ एवढेच म्हटलेले असते. ती सूचना पहिल्यांदा चालवताना मशीन त्या नावाचा माग काढते, फील्ड खरोखर आहे का आणि ते वाचण्याची परवानगी आहे का हे पाहते, आणि मिळालेले अंतर नोंदून ठेवते. पुढच्या वेळी सूचना त्या नोंदलेल्या अंतराचाच वापर करते. मेथड वारंवार चालू लागली की तिचे यंत्रभाषेत रूपांतर होते. मग ‘ऑब्जेक्टच्या पत्त्यात १२ मिळवून तेथील चार बाइट वाच’ एवढी एकच सूचना उरते, आणि फील्डचे नाव तिच्यात कोठेही नसते.

या उशिरा ठरवण्याचा एक मोठा फायदा विद्यार्थ्यांना जरूर सांगावा. सी++ मध्ये फील्डचे अंतर कंपाइल करतानाच यंत्रभाषेत कोरले जाते. म्हणून ग्रंथालयातील एखाद्या मूळ क्लासमध्ये मधेच नवे फील्ड घातले, तर तो क्लास वापरणारा सगळा कोड पुन्हा कंपाइल करावा लागतो, नाहीतर जुना कोड चुकीच्या जागेवरचे बाइट वाचत राहतो. जावात नवे फील्ड आले तर मशीन पुढच्या वेळी क्लास लोड करताना नवी मांडणी करते आणि जुन्या क्लास फाइलमधील नावे नव्या अंतरांशी जोडून घेते.

ब्राउझरमधील जावास्क्रिप्टचे चित्र मात्र उलट आहे आणि तुलना म्हणून ते उपयोगी पडेल. तेथे ऑब्जेक्टला क्लासचा पक्का साचा नसतो. गुगलच्या व्ही-८ इंजिनाला तो गुणधर्म जोडले जातील तसतसा आतल्या आत बनवावा लागतो. त्यामुळे एका ठिकाणी आधी नाव आणि मग वजन जोडले, दुसऱ्या ठिकाणी आधी वजन आणि मग नाव जोडले, तर दिसायला सारखे असलेले ते दोन ऑब्जेक्ट इंजिनाच्या लेखी वेगळ्या साच्याचे ठरतात. जावात निरर्थक असलेला क्रम तेथे अर्थपूर्ण होतो, हे चांगल्या विद्यार्थ्यांना आवडते.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या प्रणालीत सभासदांची नावे मराठी, कन्नड आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत ठेवावी लागतात. देवनागरी आणि कन्नड नावांमुळे मेमरी तिप्पट लागते, असे प्रणाली पुरवणाऱ्यांचे म्हणणे आहे. ते खरे आहे का?
— पतसंस्थेचे एक कर्मचारी, चिकोडी

उत्तर : तिप्पट हा आकडा फाइलचा आहे, मेमरीचा नाही. यूटीएफ-८ पद्धतीने फाइलमध्ये लिहिताना देवनागरी किंवा कन्नड लिपीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि साध्या रोमन अक्षराला एक. जावाच्या मेमरीत हिशेब वेगळा आहे. २०१७ साली आलेल्या जावा ९ पासून, स्ट्रिंगमधील सगळी चिन्हे लॅटिन-१ या रोमन आणि पश्चिम युरोपीय अक्षरांच्या संचातील असतील तर प्रत्येकाला एक बाइट आणि त्यातील एक जरी त्या बाहेरचे असेल तर सगळ्यांना दोन बाइट, असा नियम आहे.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. स्ट्रिंग हा स्वतः २४ बाइटांचा ऑब्जेक्ट आहे : हेडर, साठवलेला हॅशकोड, एक बाइटाचे लिपी-निदर्शक, आणखी एक बूलियन आणि अक्षरांच्या अ‍ॅरेकडे (सलग ठेवलेल्या मूल्यांच्या मालिकेकडे) जाणारा रेफरन्स. अक्षरे असतात त्या अ‍ॅरेत, आणि अ‍ॅरेचे हेडर लांबीसह १६ बाइटांचे असते. ‘बेळगाव’ या शब्दात मात्रा आणि काना स्वतंत्र धरून सहा चिन्हे आहेत. त्यांचे १२ बाइट आणि हेडरचे १६ मिळून २८, म्हणजे आठच्या पायरीने ३२. स्ट्रिंगसह एकूण ५६ बाइट. कन्नड लिपीतील ‘बेळगावी’ सात चिन्हांचे, तेही याच पायरीवर, म्हणजे ५६. रोमन लिपीतील ‘बेलगावी’ आठ अक्षरांचे. अ‍ॅरे २४ आणि एकूण ४८. तेव्हा ५६ विरुद्ध ४८ एवढाच हा फरक आहे. आडनावासह पूर्ण नाव घेतले तर तफावत थोडी वाढेल, पण लहान स्ट्रिंगमध्ये दोन हेडरचा आणि पायरीचा खर्चच इतका असतो की लिपीचा वाटा फारसा उठून दिसत नाही.

आपल्या प्रणालीत लक्ष द्यायचे ते दुसऱ्या ठिकाणी. रुपयाचे चिन्ह लॅटिन-१ संचात नाही. एखादा लांबलचक मजकूर पूर्ण रोमन लिपीत असून त्यात एकदाच रुपयाचे चिन्ह आले, तर त्या मजकुराचे सगळेच्या सगळे अक्षर दोन बाइटांचे होते. तयार पावत्यांचा पूर्ण मजकूर हजारोंच्या संख्येने मेमरीत धरून ठेवण्याची पद्धत असेल, तर नावांच्या लिपीपेक्षा ते चिन्हच जास्त महाग पडत असणार.

प्रश्न : बूलियनला एकच बिट पुरतो, तरी त्यासाठी पूर्ण बाइट का?
— एक वाचक, हुक्केरी

उत्तर : एका थ्रेडने एका फील्डमध्ये लिहिताना शेजारच्या फील्डला धक्का लागू नये, अशी हमी जावा भाषा देते. प्रोसेसर मेमरीत बाइटापेक्षा लहान लिहू शकत नाही. आठ बूलियन एका बाइटात भरले असते तर एक बदलण्यासाठी आठही वाचून परत लिहावे लागले असते, आणि त्या क्षणी दुसऱ्या थ्रेडने शेजारचे बूलियन बदलले असते तर त्याचा बदल पुसला गेला असता. बूलियनच्या अ‍ॅरेतही हॉटस्पॉट प्रत्येकी एक बाइटच देते. खूप मोठ्या संख्येने होय-नाही साठवायचे असेल तर बिटसेट हा तयार क्लास आहे. त्यात बिट भरले जातात, मात्र थ्रेडची काळजी आपण घ्यायची.

प्रश्न : ही मांडणी डोळ्यांनी पाहता येते का?
— एक विद्यार्थी, अथणी

उत्तर : येते. ओपनजेडीकेने प्रसिद्ध केलेले ‘जावा ऑब्जेक्ट लेआउट’, थोडक्यात जोल, हे साधन कोणत्याही क्लासचा बाइटनिहाय नकाशा छापून देते : कोणते फील्ड कितव्या अंतरावर, कोठे किती जागा रिकामी आणि एकूण आकार किती. चालू असलेल्या प्रोग्राममध्ये कोणत्या क्लासचे किती ऑब्जेक्ट आहेत आणि ते किती बाइट घेतात हे पाहायचे असेल, तर जेडीकेसोबत येणाऱ्या जेसीएमडी या आज्ञेतील क्लास हिस्टोग्रामचा पर्याय वापरावा. आधी हिस्टोग्राम आणि मग जोल, असा क्रम ठेवणे मला योग्य वाटते, कारण ज्या क्लासचे शंभरच ऑब्जेक्ट आहेत त्याच्या फटी मोजण्यात वेळ घालवून काहीच हाती लागत नाही.

प्रश्न : आमची प्रणाली यंत्रांवरील संवेदकांची मापने घेते. ती लाँग ऑब्जेक्टच्या अ‍ॅरेलिस्टमध्ये साठवतो आणि मेमरी अपुरी पडते. जावा २५ मध्ये ऑब्जेक्टचे हेडर लहान करता येते असे वाचले. ती सोय चालू करावी का?
— एक प्रोग्रामर, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : ती सोय खरी आहे. जावा २४ मध्ये ती प्रायोगिक होती आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ मध्ये अधिकृत झाली; मात्र आपोआप चालू होत नाही, ‘यूज कॉम्पॅक्ट ऑब्जेक्ट हेडर्स’ हा पर्याय मशीन सुरू करताना द्यावा लागतो. क्लास दाखवणारे चार बाइट वेगळे न ठेवता तेच काम २२ बिटांत करून ते मार्क वर्डमध्येच सामावून घेतले आहे, त्यामुळे हेडर १२ ऐवजी ८ बाइटांचे होते.

चार बाइटांची ही बचत प्रत्येक ऑब्जेक्टच्या आकारात उमटते असे मात्र नाही, कारण आठची पायरी तशीच आहे. टिळकवाडीच्या विद्यार्थिनीची ऊसनोंद घेतली तर हेडर ८ आणि फील्ड १८ मिळून २६ होतात आणि आकार पुन्हा ३२ वरच जातो. इंटचा ऑब्जेक्ट १६ चा १६ च राहतो. ‘बेळगाव’ या स्ट्रिंगचा अ‍ॅरे मात्र ३२ वरून २४ वर उतरतो, कारण त्याचे हेडर १२ बाइटांचे होऊन अक्षरांचे १२ बाइट नेमके पायरीवर बसतात. आपल्या लाँग ऑब्जेक्टला तर सर्वांत जास्त लाभ आहे : आज त्यात १२ बाइटांचे हेडर, ४ बाइटांची रिकामी फट आणि ८ बाइटांचे मापन असे २४ बाइट जातात, तर नव्या हेडरने फटच उरत नाही आणि तो १६ बाइटांत मावतो.

तरीही आपल्या प्रणालीसाठी माझा पहिला सल्ला तो पर्याय चालू करण्याचा नाही. अ‍ॅरेलिस्टमधील प्रत्येक मापनामागे आज ऑब्जेक्टचे २४ आणि यादीतील रेफरन्सचे ४, असे २८ बाइट जातात. उणे १२८ ते १२७ या मर्यादेतील मूल्यांसाठी मशीन आधीच तयार केलेले ऑब्जेक्ट परत वापरते, पण संवेदकांची मापने त्या मर्यादेत क्वचितच राहतात. नव्या हेडरने २८ चे २० होतील. ऑब्जेक्टऐवजी साध्या लाँगचा अ‍ॅरे वापरला तर प्रत्येक मापनाला बरोबर ८ बाइट लागतील, मापने मेमरीत सलग राहतील आणि गार्बेज कलेक्टरला लाखो ऑब्जेक्टऐवजी एकच अ‍ॅरे पाहावा लागेल. अ‍ॅरे भरला की दुप्पट आकाराचा नवा घेऊन मजकूर उतरवून घेण्याचा कोड पंधरा-वीस ओळींत लिहून होतो. तो बदल झाल्यानंतर उरलेल्या ऑब्जेक्टसाठी नवे हेडर चालू करून पाहावे. आणि जोलने मोजताना तोच पर्याय जोल चालवणाऱ्या मशीनलाही द्यावा, नाहीतर ते जुन्याच हेडरचे आकडे छापेल.